नऊ इंच

फितीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं पिएदाद काकूंच्या.
त्यांच्या कमरेला इगर्जीची किल्ली, वीतभर लांब,
गलबताला कुलूप असतं तर त्याला बसली असती.

अंदाजपत्रक द्यायचंय शुक्रवारपर्यंत, तीन प्रतींत.
म्हणून मोजतोय साळखोलची इगर्ज :
समुद्राकडे तोंड, चार खांब,
खांबांवर आडवी तुळई, तिच्यावर त्रिकोण.
त्रिकोणात ना संत, ना वेलबुट्टी,
फक्त एक गोल झरोका,
आणि त्यात पारव्यांचा संसार.

आधी इथं झावळ्यांची होती, काकू सांगतात,
दर वर्षी दिवाळीनंतर नवी शाकारायची.
मग आला पाद्री इव्ह,
कुठल्याशा थंड किनाऱ्यावरचा,
जिथे म्हणे पाणी करडं, आभाळ करडं, दगडही करडा.
प्रार्थनेच्या पोथीत घडी घातलेलं एक चित्र होतं त्याच्याकडे,
त्याच्या गावचं देऊळ,
ग्रीकांच्या थाटाचं, सावल्यासुद्धा पट्टीने आखलेल्या.

बाबल गवंड्याने ते आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं.
ह्यो फातर खंयचो?
पाद्री म्हणाला, असा, की छिन्नी रडते.
बाबल म्हणाला, आमचो फातर रडता, छिनी नाय.

कातळावरून चिरे उतरले.
ती खाण आता तळी झाली आहे, म्हशी डुंबतात.
चुन्यासाठी शिंपले :
गाबतांच्या घरून दोन टोपल्या, भंडाऱ्यांच्या घरून दोन,
किरिस्तांवांच्या घरून तीन, कारण इगर्ज त्यांची.
तिसऱ्या, कालवं, खुबे,
सगळं एका भट्टीत.
मग गूळ, हिरड्याचं पाणी,
आणि घाणीभोवती फिरणारा एक आंधळा बैल
ज्याचं नाव काकूंना ठाऊक आहे (मोत्या नव्हे, रेडकर).

गिलाव्यावर केवड्याच्या मुळाच्या कुंचल्याने
बाबलने करड्या शिरा ओढल्या.
लांबून संगमरवर.
जवळून, जिथे पोपडे गेलेत तिथे,
लाल, भोकाभोकाचा जांभा,
आणि एका भोकात गांधीलमाशीचं घर.
मी लिहितो : गिलावा, अंदाजे चाळीस टक्के सुटलेला.

पहिला खांब ते दुसरा, सात फूट दोन इंच.
मधलं अंतर दारासाठी, नऊ फूट.
तिसरा ते चौथा, सात फूट अकरा.

मी फीत पुन्हा लावली.
सात फूट अकरा.
काकू दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या,
ओढू नको, तो येवचो नाय.

पाया खणताना चौथ्याखाली पाणी लागलं.
मनगटाएवढी धार, गोडी,
समुद्रापासून साठ पावलांवर.
पाद्री म्हणाला, बुजवा.
बाबलने घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसला.
तीन दिवस काम बंद.
पाद्री चित्र घेऊन वाळूत येरझाऱ्या घालायचा,
त्याच्या गावच्या भाषेत कुणाशी तरी भांडायचा.
तेवढ्यात बायका कळशा घेऊन येऊ लागल्या,
कुणी सांगितलं नव्हतं, पाण्याला वाट सापडते तशी
बायकांना पाणी सापडतं.
चौथ्या दिवशी त्याने चुन्याच्या बोटाने
कागदावरचा खांब थोडा बाजूला केला.

तो कागद सांक्रिस्तीच्या कपाटात होता,
वाळवीने खाल्ला.
बोटाचा ठसा तेवढा उरला होता बरीच वर्षं, काकू म्हणतात,
चुना वाळवी खात नाही.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे : मूळ बांधकामातील दोष.
पेन त्यावर धरून मी थांबलो.
काकू खाली वाकून तिसऱ्या-चौथ्यामधली फरशी उचलत होत्या,
एका हाताने, सवयीने.
आत अंधार, आणि अंधारात
कुणीतरी हळू गुळणी करावी तसा आवाज.
तांब्याभर काढून मला दिलं त्यांनी.
मी प्यालो.
थोडी शेवाळाची चव, थोडी लोखंडाची.

रकाना अजून कोरा आहे.
आज मंगळवार.

सोडू? काकूंनी विचारलं.
फीत सर्रकन माझ्याकडे परत आली,
तिच्या टोकाला पांढरी भुकटी.